कसालच्या तिठ्यावरून

आमच्या कसालच्या तिठ्यावरून एक रस्ता मालवणास जातो. त्या मालवणात १८३७ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकर जन्मले. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ सालची. तीत इंग्रजी सक्तीचे. १०० हून अधिक विद्यार्थी बसले. २५ देखील उत्तीर्ण झाले नाहीत! उत्तीर्णांत भांडारकर होते, महादेव गोविंद रानडेही होते. पुढे शिलालेख, ताम्रपट पारखून भांडारकरांनी दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला, तोही इंग्रजीत. १८८४ साली तो प्रसिद्ध झाला आणि साहेबालाच त्यांचे इंग्रजी वाचावे लागले!

वाचकहो, परदेशी शिकावयास निघालेली आपली मुले आज आयईएलटीएससाठी इंग्रजी उतारे सोडवतात. त्यांना एवढेच सांगावे : नुसते शब्द घोकू नका; ताम्रपटासारखा उतारा पारखा.