अपोलो बंदर ते कोंग्सफ्योर्डेन



साकेत नगरात राहणाऱ्या आणि जन्मभर मराठी शिकविलेल्या माणसाने समुद्रावर बोलावे, हे आपणांस विचित्र वाटेल. परंतु हे व्याख्यान भूगोलाच्या गुरुजींच्या स्मृतीचे आहे, तेव्हा थोडे धाडस क्षम्य मानावे.

कोकणातल्या कोळ्याला उधाण आणि भांग यांतला भेद अंगवळणी असतो. आम्हां भाषेच्या लोकांना ते दोन सुंदर शब्द. त्या शब्दांमागचे पाणी मुंबईत अपोलो बंदरावर मोजले जाऊ लागले. तेथील समुद्रपातळीच्या नोंदी १८७८ पासूनच्या उपलब्ध आहेत. जुन्या भरतीमापकाचे काम साधे: तरंगक पाण्याबरोबर वरखाली होतो आणि फिरत्या कागदावर रेघ उमटते. एका दिवसाची रेघ फारसे सांगत नाही. शतकाची रेघ समुद्र चढतो आहे की नाही ते सांगते.

आता उत्तरेकडे वळू. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये स्वालबार्ड बेटांविषयीचा करार झाला. ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून त्यात भारताचेही नाव आले. आपल्याला कोणी विचारले होते असे नाही. तो हक्क पुढे ८७ वर्षे तसाच पडून राहिला. भारताची पहिली आर्क्टिक मोहीम गेली ती २००७ मध्ये. मध्यंतरी २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी येऊन गेली होती. हिंदी महासागरात तेव्हा इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. भारताचे केंद्र त्यानंतर, २००७ मध्ये, उभे राहिले. लाट आधी, जाळे मागाहून!

आर्क्टिकचे काम गोव्यात वास्को येथे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ध्रुवीय संशोधन केंद्राकडे आले. न्यू-ओलेसुंड हे पूर्वी कोळशाच्या खाणीचे गाव. १९६२ च्या स्फोटात २१ माणसे गेली आणि खाण कायमची बंद पडली. तेथेच २००८ मध्ये ‘हिमाद्री’ हे आपले स्थानक उघडले, आणि २३ जुलै २०१४ रोजी ‘लान्स’ या नॉर्वेजियन जहाजावरून ‘इंडआर्क’ ही वेधशाळा शेजारच्या कोंग्सफ्योर्डेनमध्ये सोडण्यात आली. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने ती गोव्याच्या केंद्रासह सिद्ध केली. तळाशी नांगर, खोली १९२ मीटर, आणि उभ्या दोरावर निरनिराळ्या खोलींवर बसविलेली उपकरणे. पाण्याचे तापमान, क्षारता आणि प्रवाह ती टिपतात.

जागा हीच का? अटलांटिकचे उबदार पाणी, आर्क्टिकचे गार पाणी आणि हिमनद्यांचे वितळलेले गोडे पाणी या खाडीत एकत्र येतात. तिघांची भांडणे एकाच अंगणात पाहायला मिळावीत, तसे हे. मात्र हिमनद्यांतून तुटलेले बर्फाचे कडे पृष्ठभागावर फिरत असतात. म्हणून दोराचे वरचे टोकही पाण्याखालीच ठेवावे लागते. रेडिओ संदेश पाण्यातून वर येत नाही. पुढे जहाज जाऊन दोर वर काढील, तेव्हाच नोंदी हाती लागायच्या. एखादे उपकरण ऐन ध्रुवीय रात्रीत बंद पडले, तर ते तोवर कोणाला ठाऊकही होणार नाही. अपोलो बंदरावरचा कर्मचारी निदान कागद तरी पाहू शकत होता.

माझ्या मते खरी उणीव निराळीच. एक दोर म्हणजे जाळे नव्हे. खाडीच्या मुखाशी काय शिरते आणि हिमनदीच्या पायथ्याशी काय वितळते, हे एका ठिकाणी बसून कळत नाही. तेथे इतर राष्ट्रांचीही उपकरणे आहेत. त्यांच्या नोंदींशी आपल्या नोंदी जुळवून वाचणे आणि वर्ष न चुकविता दोर पुन्हा सोडणे, यावर खर्च व्हावा. नवी स्थानके बांधण्याची हौस मागाहून भागवावी.

भोपाळला याचे काय, असे आपण विचाराल. कारा समुद्रातील उन्हाळी बर्फ घटणे आणि मध्य भारतात सप्टेंबरात होणारी अतिवृष्टी यांचा संबंध असावा, असे गोव्याच्या केंद्रातील अभ्यासकांनी २०२१ मध्ये सुचविले. तो सिद्ध झाला असे मी म्हणणार नाही. पण भदभद्याची दारे उघडली की आपण सारे मोठ्या तलावाचे पाणी पाहायला जातो ना, तेव्हा हल्ली मला त्या खाडीतला काळोखातला दोर आठवतो.