खुर्चीचा घसारा

बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाची घसारा या गोष्टीवर फार श्रद्धा असते. हजार रुपयांची खुर्ची घ्या, उरलेल्या किमतीवर दरसाल दहा टक्के घसारा धरा. वीस वर्षांनी वहीत ती सुमारे 122 रुपयांची उरते. पुढे ती डेडस्टॉकमधून बाद होते. म्हणजे खुर्ची वारली, असं चार जणांनी सह्या करून मान्य करायचं! पण काही खुर्च्यांचा घसारा उलटा चालतो, हे बी.कॉम.च्या कुठल्याच पेपरात आम्हाला आलं नव्हतं.

या उलट्या घसाऱ्याचं माहेर डेन्मार्क. तिथे हान्स वेग्नर या जोडे शिवणाऱ्याच्या मुलाने सुतारकाम शिकून 1949 साली एक गोल पाठीची खुर्ची केली. नक्षी नाही, गादी नाही. 26 सप्टेंबर 1960 रोजी केनेडी आणि निक्सन टीव्हीवर भांडले, ते या खुर्च्या मांडून. निवडून केनेडी आले. नाव खुर्चीचं झालं. वेग्नरच्याच दुसऱ्या एका खुर्चीची बैठक विणायला सुमारे 120 मीटर कागदी दोरी लागते. आता बोला! आमच्याकडे कागदी घोडे असतात, त्यांच्याकडे कागदी खुर्ची.

गंमत म्हणजे डेन्मार्कात सागवान उगवत नाही. ते आशियातून बोटीने जायचं. लाकूड आपल्या बाजूचं, रंधा त्यांचा. आज तिथले जुने नग शोधून काढतात, खिळखिळे सांधे पुन्हा चिकटवतात, बैठक नव्याने विणतात, आणि नव्याहून चढ्या भावाने विकतात. मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवर जुनं सामान घासूनपुसून विकणारे दुकानदार वेगळं काय करतात? फक्त तिथे गिऱ्हाईक घासाघीस करतं.

डॅनिश माणसं मुंबईत आली, पण खुर्च्या विकायला नव्हे. होल्क-लार्सन आणि टूब्रो या दोन इंजिनिअरांनी 1938 साली इथे भागीदारी सुरू केली. कचेरी म्हणे एवढीशी, की एका वेळी एकाच भागीदाराने वापरावी. तरी लार्सन अँड टूब्रो उभी राहिली. आमच्याकडे खुर्ची एक आणि बसणारे दोन असले, की आधी पक्ष फुटतो!

आपल्या सरकारी खुर्च्यांची कथा मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ल कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानरे 1951 पासून 1965 पर्यंत चंडीगडला राहिले. त्यांनी आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी तिथल्या कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या आखल्या. इथल्याच सुतारांनी त्या घडवल्या. पुढे वेत फाटला, पाय डुगडुगले. साहेबांनी घसारा बघितला आणि ढिगाने त्या भंगारात लिलावल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या आणि पॅरिस-लंडन-न्यूयॉर्कच्या लिलावांत लाखांनी विकल्या. 2011 साली केंद्रीय गृहमंत्रालयाने या सामानाच्या विक्रीला मनाई केली. पण 1972 च्या पुरावस्तू कायद्यात वस्तू शंभर वर्षांची लागते. खुर्च्या जेमतेम साठीच्या! म्हणजे नोकरीला म्हाताऱ्या आणि कायद्याला पोरसवदा. गेलेल्या परत आणायच्या कशा?

हे सगळं तासगावात बसून का सांगतो? कारण हा उलटा घसारा आम्हाला खरं तर आधी कळायला हवा होता. द्राक्ष सुकलं की त्याला कुणी बाद करत नाही. बेदाणा म्हणतात आणि सौद्यात चढा भाव घेतात. मग घरातल्या आरामखुर्चीनेच काय घोडं मारलंय? वाडा पाडून फ्लॅट झाला, की ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते आणि घरात प्लॅस्टिकची खुर्ची येते. तिच्यावर आजोबांनी टेकून टेकून डोक्याच्या तेलाचा डाग पाडलेला असतो. तो डाग कुठल्याच पॉलिशवाल्याला नव्याने पाडता येत नाही.

वेग्नरचं नाव जगाला ठाऊक आहे, चंडीगडच्या सुतारांची नावं कुणी विचारली नाहीत. आपली खुर्ची कुणी केली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना निदान विचारून तरी ठेवावं. जमलं तर वेत नव्याने विणून घ्यावा. आणि वहीत तिची किंमत शून्य दाखवावी लागली, तर खुशाल दाखवावी. बसताना वही कोण बघतो?