कोटावरचं खडूचं अक्षर

"श्वास घ्या… धरून ठेवा." थंडगार प्लेटला छाती टेकवून मी उभा होतो. कॅनडाच्या पीआरसाठीची मेडिकल. रक्त, लघवी, उंची, वजन सगळं पटापट उरकलं. एक्स-रे पाहून मात्र डॉक्टर थांबले. "टीबी होऊन गेलाय का तुम्हाला?"

गेला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सहा महिने गोळ्या घेतल्या, बरा झालो, विसरून गेलो. फुप्फुसावरचा डाग तेवढा राहिला. आता तीन दिवस थुंकीचे नमुने द्यायचे आणि कल्चरच्या रिपोर्टसाठी काही आठवडे थांबायचं. त्या आठवड्यांत दुसरं काही सुचेना, म्हणून ही तपासणी आली कुठून ते वाचत बसलो. वाचता वाचता अमेरिकेत जाऊन पोचलो.

'किळसवाणा किंवा धोकादायक संसर्गजन्य रोग' असलेल्यांना देशात घ्यायचं नाही, असा कायदा अमेरिकेने १८९१ मध्ये केला. नाकारलेल्या माणसाला जहाज कंपनीने स्वखर्चाने परत न्यायचं. पुढच्या वर्षी १ जानेवारीला न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस आयलंडचं केंद्र उघडलं. १९५४ मध्ये ते बंद होईपर्यंत तिथून सुमारे १ कोटी २० लाख माणसं गेली.

लोक सामान घेऊन जिना चढायचे आणि डॉक्टर नुसते बघत उभे असायचे. कोणाला धाप लागते, कोण लंगडतो? एका माणसासाठी काही सेकंदच. संशय आला की कोटावर खडूने अक्षर काढायचे. 'एच' म्हणजे हृदय, 'एल' म्हणजे लंगडेपणा, 'एक्स' म्हणजे डोक्यात काहीतरी बिघाड असावा. मग डोळे. खुपऱ्या आहेत का ते बघायला पापणी उलटी करायची, त्यासाठी बोटं किंवा बुटांची बटणं लावायचा आकडा वापरायचे. ही रांग जहाजातल्या स्वस्त वर्गासाठी होती. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना जहाजावरच वरवर तपासून सोडत. जंतू तिकीट बघून चढत नाहीत, पण तपासणी तिकीट बघून होत होती.

तरीही एलिस आयलंडवरून परत पाठवलेले लोक शंभरात दोनेकच. पश्चिम किनाऱ्यावर चित्र वेगळं होतं. १९१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत एंजल आयलंडचं केंद्र सुरू झालं. इथे येणारे मुख्यतः चिनी, जपानी आणि भारतीय. भारतीयांत बहुतेक पंजाबातले शेतकरी. त्याच वर्षी हुकवर्म, म्हणजे आतड्यातला जंत, धोकादायक रोगांच्या यादीत आला. इथे आशियाई प्रवाशांची विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली जाई. एलिस आयलंडवर उतरणाऱ्या युरोपियनांना सरसकट अशी तपासणी नव्हती. कित्येक भारतीयांना या जंतापायी परत पाठवलं गेलं.

गंमत म्हणजे १९०९ मध्ये रॉकफेलर यांनी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतला हाच हुकवर्म संपवायला दहा लाख डॉलर दिले होते. तिथल्या असंख्य गरीब शेतकऱ्यांच्या पोटात तो होताच. थायमॉल नावाचं औषधही होतं. कोडच्या भाषेत, इनपुट तेच, आउटपुट वेगळं. एकाला जंत सापडला की औषध, दुसऱ्याला सापडला की परतीचं जहाज.

१९२४ नंतर व्हिसा परदेशातल्या वकिलातींतून मिळू लागला आणि तपासणीही हळूहळू माणसाच्या देशात सरकली. नकार आता जहाजात बसण्याआधीच मिळू लागला. यादी बदलत राहिली. अमेरिकेने १९८७ मध्ये एचआयव्ही त्यात घातला, तो बाहेर पडायला २०१० उजाडलं. कॅनडा रोगासोबत उपचारांचा खर्चही मोजतो. २०१८ मध्ये त्याने ती मर्यादा तिप्पट केली. म्हणजे कालपर्यंत 'अपात्र' असलेली काही माणसं आजार तोच असताना पात्र ठरली.

टीबी तपासूच नये असं मी म्हणणार नाही. तो हवेतून पसरतो, हे मला पुरेपूर माहीत आहे; माझ्यामुळे होस्टेलच्या रूममेटलाही तपासणीला जावं लागलं होतं. पण यादी करणारा फक्त सूक्ष्मदर्शकातून बघत नसतो. समोर कोण उभा आहे, हेही तो बघत असतो.

माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला. आईला फोन केला, तर ती म्हणाली, "अरे, तू तर तेव्हाच बरा झालास ना?"