प्रादेशिक सेना व सैनिकी शिष्यवृत्ती

अमेरिकेत राखीव अधिकारी प्रशिक्षण दलाची शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्णवेळ सेनेऐवजी राखीव दलात किंवा नॅशनल गार्डमध्ये सेवा करण्याचे पर्याय असतात. भारतात अशी थेट अदलाबदल नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रशिक्षण सरकारी खर्चाने होते; छात्राने स्वेच्छेने ते सोडल्यास खर्चाची भरपाई मागता येते आणि तसे हमीपत्र पालकांकडून आधीच घेतले जाते. सातारा सैनिक शाळेत (स्थापना 23 जून 1961) शिकलेल्यावर मात्र सेनेत जाण्याची सक्ती नाही, हे अनेक पालकांना ठाऊक नसते.

अंशकालीन सेवेचा खरा मार्ग म्हणजे प्रादेशिक सेना. 1948 च्या कायद्याने ती उभी राहिली आणि 9 ऑक्टोबर 1949 रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिचे उद्घाटन केले. मराठा लाइट इन्फन्ट्रीशी संलग्न 109 वी बटालियन कोल्हापुरात आहे. अधिकारीपदासाठी वय 18 ते 42, पदवी आणि उपजीविकेचे स्वतंत्र साधन लागते. ही शेवटची अट महत्त्वाची, कारण ही सेवा म्हणजे पूर्णवेळ नोकरी नव्हे. वेतन प्रत्यक्ष सेवेच्या व प्रशिक्षणाच्या काळापुरते मिळते. शहापूरजवळच्या सापगावातला पदवीधर शिक्षक किंवा व्यावसायिक त्यासाठी अर्ज करू शकतो. लेखी परीक्षा, मुलाखत व वैद्यकीय तपासणी चुकत नाही. अल्पसेवा कमिशनवरून मुक्त झालेले अधिकारीही येथे येऊ शकतात.