साठ वर्षांनी मिळालेला कागद

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा जिजाबाई, अहल्याबाई, झाशीची राणी ही नावे साहजिकच मनात आली. पण त्यांच्याविषयी आपल्या स्मरणिकांतून पुष्कळ लिहून झाले आहे. शिवाय त्याच सुमारास आमच्या मंडळातल्या एका वयोवृद्ध काकूंबरोबर मला एका कचेरीत वरचेवर जावे लागत होते. काकूंचे यजमान 1961 साली संयुक्त राष्ट्रांच्या सेनेबरोबर कांगोमध्ये होते. घरी कपाटात त्यांचे विदेश सेवा पदक आहे, त्याच्या फितीवर 'कांगो' अशी धातूची पट्टीही आहे; परंतु त्यांच्या डिस्चार्ज बुकात कांगोचे नाव कोठेच नाही. त्यातून काकूंचे माहेरचे नाव एक, लग्नात ठेवलेले दुसरे, आणि पलटणीच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये भलतेच तिसरे! टेबलामागचे गृहस्थ सभ्यपणे म्हणाले, "आजी, तुम्ही सांगता ते खरे असेल, पण कागदावर नाही ना." या एका वाक्यावरून मला अमेरिकेतल्या काही बायकांची हकीकत आठवली. तीच भगिनींपुढे ठेवते.

पहिल्या महायुद्धात अमेरिका 1917 च्या एप्रिलमध्ये उतरली. जनरल पर्शिंग सैन्य घेऊन फ्रान्सला गेले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या ध्यानात आले की, तोफा आणि माणसे असून भागत नाही, निरोप वेळेवर पोहोचला पाहिजे. त्या काळी टेलिफोन म्हणजे आजच्यासारखे बटण दाबले की झाले, असे नव्हते. एका मोठ्या फळीसमोर बसून, कानाला यंत्र लावून, दोरीच्या टोकाची खुंटी योग्य भोकात खुपसून एकाची तार दुसऱ्याला जोडून द्यावी लागे. अमेरिकेत हे काम मुलीच करीत. फ्रान्समध्ये ते शिपायांकडे दिले तेव्हा त्यांची बोटे अडखळू लागली. शिवाय पलीकडची फ्रेंच बाई काय बोलते ते त्यांना समजेना. शिपायाला एक जोडणी करावयास मिनिट लागे, ती सरावलेली मुलगी दहा सेकंदांत करी असे सांगतात. लढाईत मिनिट म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको.

तेव्हा 1917 च्या नोव्हेंबरमध्ये पर्शिंग यांनी फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही सफाईने बोलणाऱ्या टेलिफोनवाल्या मुली पाठवा, अशी मागणी केली. वर्तमानपत्रांतून जाहिराती आल्या आणि सात हजारांहून अधिक अर्ज पडले. त्यांतून निवडून, शिकवून अखेर 223 जणी समुद्रापार गेल्या. पुढे पुढे फ्रेंच न येणाऱ्या पण कामात तरबेज असलेल्याही घेतल्या गेल्या. लोक त्यांना कौतुकाने 'हॅलो गर्ल्स' म्हणत. मला स्वतःला हे नाव फारसे रुचत नाही. काम पलटणीचे आणि नाव पोरखेळाचे!

या मुलींनी सैन्याची शपथ घेतली होती. अंगावर सैन्याने ठरवून दिलेला निळा लोकरी गणवेश, हुद्द्याच्या खुणा, गळ्यात ओळखीचा बिल्ला. शिस्तही सैन्याचीच. मात्र गणवेशाचा खर्च ज्याचा त्याने, म्हणजे जिचा तिने, करावयाचा होता आणि तो काही थोडाथोडका नव्हता. शिपायाला कपडे सरकारी आणि या पदरमोड करून सरकारी पोशाख शिवणार. या गोष्टीत कोणाला काही चमत्कारिक वाटले नाही, येथेच पुढच्या दुःखाचे बी होते असे मला वाटते.

पहिल्या तुकडीची प्रमुख ग्रेस बँकर, वय 25, कॉलेजात शिकलेली. 1918 च्या मार्चमध्ये ही तुकडी न्यूयॉर्कहून बोटीने निघाली. इंग्लंडहून फ्रान्सला जाताना खाडीत धुक्याने त्यांना अडवले, आणि त्या पाण्यात शत्रूच्या पाणबुड्या फिरत होत्या. पुढे शोमाँ येथे पर्शिंग यांच्या मुख्य ठाण्यात त्यांचे काम सुरू झाले. सप्टेंबरात सेंट मिहिएलची लढाई झाली त्या वेळी बँकर आणि तिच्या निवडक मैत्रिणी आघाडीजवळ नेण्यात आल्या. खुर्चीच्या पाठीशी लोखंडी टोप आणि विषारी वायूचा मुखवटा टांगलेला. त्यानंतर म्यूझ-आर्गोनची मोठी मोहीम झाली, तेव्हा त्या सुयी या गावी लाकडी बराकींत राहून रात्रंदिवस काम करीत होत्या. 30 ऑक्टोबरला या बराकींना आग लागली. आग शेजारी येऊन ठेपली तरी मुली फळीवरून उठेनात. शेवटी हुकूम झाला तेव्हा बाहेर पडल्या, आणि तासाभरात परत येऊन ज्या तारा शाबूत होत्या त्यांवर पुन्हा काम सुरू केले. ग्रेस बँकरला पुढे सैन्याचे 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल' मिळाले.

फ्रान्समध्ये या बायकांनी जोडून दिलेल्या फोनांची संख्या दोन कोटी साठ लाखांच्या वर जाते. दोघी जणी परतल्याच नाहीत. त्यांतली इनेझ क्रिटेंडन ही दुसऱ्या तुकडीची प्रमुख. इन्फ्लुएंझाच्या साथीने तिला ओढले ते 11 नोव्हेंबर 1918 रोजी, ज्या दिवशी तहाच्या घंटा वाजत होत्या त्याच दिवशी. पॅरिसजवळ सुरेन येथील अमेरिकन लष्करी दफनभूमीत तिची कबर आहे. म्हणजे मेल्यावर ती सैनिकांच्या रांगेत बसली. जिवंत परतल्या त्यांना मात्र ती रांग बंद झाली.

कारण घरी आल्यावर या मुलींनी सैन्यातून मुक्त झाल्याचा दाखला मागितला तेव्हा त्यांना सांगण्यात आले की, तुम्ही सैन्यात नव्हताच. तुम्ही कराराने नेमलेल्या नागरी नोकर होता. शपथ? ती घेतली असेल. गणवेश? तोही असेल. पण सैन्याच्या नियमांत भरती करावयाची ती 'पुरुष' व्यक्तींची, असा शब्द आहे. दाखला नाही म्हणून विजयपदक नाही, बोनस नाही, आजारपणात सैनिकांच्या इस्पितळात खाट नाही, आणि मेल्यावर शवपेटीवर घालावयाचा झेंडाही नाही.

आता गंमत पाहा. त्याच देशाच्या आरमाराने त्याच युद्धात अकरा हजारांहून अधिक बायका कारकुनी आणि इतर कामांवर भरती केल्या होत्या. आरमाराच्या 1916 च्या कायद्यात 'पुरुष' हा शब्द नव्हता, नुसते 'व्यक्ती' असे होते. त्या बायकांपैकी बहुतेकींनी देशातच राहून काम केले. तरी त्या रीतसर माजी सैनिक ठरल्या. आणि ज्या खरोखर सातासमुद्रापार गेल्या, तोफांच्या आवाजात बसल्या, त्यांची परदेशातली सेवा एका शब्दापायी कागदावरून नाहीशी झाली. कायदा लिहिणाऱ्याची लेखणी कोठे थबकेल आणि कोणाचे नशीब फिरवील, सांगता येत नाही!

मर्ल इगन ही माँटाना प्रांतातल्या हेलेना गावची. फ्रान्समध्ये तूर येथे तिने शिपायांना फळीचे काम शिकवले. बाईने शिकवायचे आणि शिपायांनी शिकायचे, हे त्यांना आरंभी जडच गेले असणार! तह झाल्यावर पॅरिसला शांतता परिषदेसाठी आलेल्या अमेरिकन शिष्टमंडळाचा टेलिफोनही तिने सांभाळला. 1919 साली घरी आली तीही रिकाम्या हाताने. लग्न होऊन ती मर्ल अँडरसन झाली, सियाटलला राहू लागली. पण तिने हा विषय सोडला नाही. पत्रे लिहिली, मैत्रिणींचे पत्ते जमवले, काँग्रेसच्या सभासदांना गाठले. विधेयके येत आणि पडून राहत. एक महायुद्ध गेले, दुसरे आले. दुसऱ्यात बायकांची अधिकृत पथके निघाली, त्यांना दाखले मिळाले. पहिल्या युद्धातल्या या मात्र तेथेच. साठ वर्षे म्हणजे किती, हे ज्या घरात एखादा वाटणीचा दावा चालला आहे त्या घरातल्या बाईला विचारावे.

अमेरिकेत सेवापत्रकातली चूक दुरुस्त करण्याची वाट नव्हती असे नाही. 1946 सालच्या एका कायद्याने तेथे दुरुस्ती मंडळे निघाली. त्यापूर्वी एकेका सैनिकासाठी काँग्रेसमध्ये खासगी विधेयक आणावे लागे. 1950 पासून मुक्त होणाऱ्या प्रत्येकास डी.डी. 214 नावाचा नमुना मिळू लागला. त्यात परदेशातील सेवा किती वर्षे, महिने, दिवस याचा रकानाच असतो. तो रिकामा राहिला तर सैनिक आपले जुने हुकूम, पगाराची कागदपत्रे पुढे करून मंडळाकडे दाद मागतो. पुढे 12 जुलै 1973 रोजी सेंट लुई येथील अभिलेखागारास आग लागून दीड कोटीहून अधिक सैनिकांची दप्तरे जळाली. त्यांच्या नकला नव्हत्या की धड सूचीही नव्हती. तेव्हापासून पलटणीचे रोजचे हजेरीपत्रक आणि पगाराच्या पावत्या यांवरून कित्येकांची सेवा नव्याने उभी करावी लागली. पण या साऱ्या वाटा मूळ सैनिक म्हणून मान्य झालेल्यांसाठी. मर्लबाईंची अडचण निराळी होती. त्यांच्या बाबतीत रकाना चुकला नव्हता, अख्खे पानच नाकारले गेले होते.

सत्तरीच्या दशकात मार्क हफ या सियाटलच्या तरुण वकिलाने त्यांचे काम विनामूल्य हाती घेतले. वाद मोठा सरळ होता: शपथ, हुद्दे, गणवेश, लष्करी शिस्त आणि लष्करी हुकमाने झालेल्या बदल्या, इतके सगळे असल्यावर ही माणसे सैन्यात नव्हती असे कसे म्हणता? त्याच वेळी दुसऱ्या महायुद्धात विमाने चालवणाऱ्या बायकांचीही तशीच मागणी होती. 23 नोव्हेंबर 1977 रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली. विमानवाल्या बायकांबरोबरच, त्यांच्यासारख्याच स्थितीत ज्यांनी सैन्याची सेवा केली त्या इतर गटांनाही मान्यता देता येईल, अशी तरतूद त्यात होती. टेलिफोनवाल्यांच्या पथकाला ही मान्यता 1979 च्या मे महिन्यात मिळाली. तोवर 223 जणींपैकी फार थोड्या उरल्या होत्या. मर्लबाई नव्वदीच्या आसपास होत्या. त्यांच्या हातात दाखला पडला. ग्रेस बँकर 1960 सालीच वारली होती; पदक मिळालेली ती, दाखल्यावाचून गेली. 2024 च्या डिसेंबरमध्ये या सर्वांना मिळून काँग्रेसचे सुवर्णपदक देण्याचा कायदा झाला. तो पाहावयास त्यांच्यापैकी अर्थात कोणीही नव्हते.

त्या 1977 च्या कायद्यातली एक गोष्ट मला फार आवडली. जी हयात नाही तिच्या वतीने तिच्या वारसांनाही अर्ज करून दाखला मागता येतो. हे मी काकूंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, मग माझी अजून घाई नाही म्हणायची!" आणि हसल्या. त्यांचे प्रतिज्ञापत्र झाले आहे, पदकाची आणि त्यावरच्या पट्टीची छायाचित्रे जोडली आहेत, यजमानांनी कांगोहून धाडलेल्या दोन पत्रांच्या नकलाही दिल्या आहेत. ती पत्रे शोधताना ट्रंकेच्या तळाशी त्यांना आपल्या लग्नाची पत्रिका सापडली. तिच्यावर तिन्ही नावांपैकी पहिले, माहेरचे नाव आहे. तीही जोडली. अर्ज रेकॉर्ड ऑफिसकडे गेला आहे आणि पुढच्या महिन्यात आम्ही दोघी पुन्हा चौकशीस जाणार आहोत.