सागरच्या विड्या आणि दिल्लीचा निकाल

सागर म्हटले की आपल्याकडच्या जुन्या मंडळींना गोविंदपंत बुंदेले आठवतात. त्याच सागरची ही दुसरी हकीकत. वकिलांना ती ठाऊक असते. घरोघरी मात्र ती पोचलेली नाही.

सागर भागात विडीचा धंदा मोठा. सुपात तेंदूची पाने आणि तंबाखू घेऊन घराघरांत विड्या वळल्या जात. शेतीच्या ऐन हंगामात मजूर मिळावेत म्हणून १९४८ साली मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने नागपुरात एक कायदा केला. डेप्युटी कमिशनरने गावे ठरवावीत, शेतीचा हंगाम जाहीर करावा आणि तेवढे दिवस तिथे विड्या वळण्यास बंदी घालावी. ते दिवस धान्यटंचाईचे, रेशनचे होते. तेव्हा सरकारचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणू नये. न्यायालयानेही तसे म्हटले नाही.

पण बंदी होती सरसकट. त्या गावांत राहणाऱ्या कोणीही विडी वळायची नाही आणि कारखानदाराने कोणालाही, अगदी बाहेरगावच्या मजुरालाही, कामावर घ्यायचे नाही. ज्या म्हातारीला वाकून कापणी करता येत नाही, तिने काय करायचे? लुळ्या-पांगळ्याने काय करायचे? शेतावरून परतल्यावर चार पैशांसाठी विड्या वळणाऱ्याने कोणाचे काय बिघडवले होते?

चिंतामण राव हे विडी कारखानदार आणि त्याच धंद्यातला एक मजूर, दोघेही थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. मालक आणि मजूर एका बाजूला, असे दृश्य विरळाच! राज्यघटना लागू होऊन वर्षही झाले नव्हते. न्यायालयाला स्वतःची इमारत नव्हती. संसद भवनात, संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळाच्या दालनात ते भरत असे. अर्ज दाखल झाला तो १३ जून १९५० च्या हुकुमाविरुद्ध. त्याची मुदत संपली, तर २६ सप्टेंबरला तसाच दुसरा हुकूम निघाला: ८ ऑक्टोबर ते १८ नोव्हेंबर विडी बंद.

पाच न्यायमूर्तींच्या वतीने न्या. मेहरचंद महाजन यांनी निकाल लिहिला. धंद्यावर लोकहितासाठी बंधन घालण्याचा सरकारचा अधिकार त्यांनी मान्य केला. पण ते बंधन वाजवी हवे, मनमानी किंवा गरजेपेक्षा जास्त नको. शेतमजुरांपुरतेच बंधन घालता आले असते, विडीकामाचे तास ठरवता आले असते. ज्यांचा शेतीशी संबंधच नाही त्यांचीही चूल विझवण्याचे कारण नव्हते. सरकारी अधिकारी तारतम्य राखतील, हा युक्तिवादही चालला नाही. मला निकालातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. गैरवापराला वाव ठेवणारा कायदा अधिकाऱ्याच्या चांगुलपणावर तगत नाही.

विडीधंदा त्यामुळे मोकाट सुटला असे नाही. १९६६ साली केंद्राने विडी-सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा केला. त्यात कामाचे तास आले, रजा आल्या.

सागरचा निकाल लागला ८ नोव्हेंबर १९५० रोजी. हुकुमाचे तेव्हा दहा दिवस उरले होते.