भित्तिपत्रक तेच, परिणाम वेगळा

महाविद्यालयीन मद्यपानावरचा सर्वांत जुना उपाय म्हणजे व्याख्यान. दुष्परिणाम कळले की विद्यार्थी सावध होईल, ही त्यामागची धारणा. व्याख्यानाने ज्ञान वाढते, पिणे मात्र फारसे कमी होत नाही, असे अमेरिकेतील चाचण्यांतून वारंवार दिसले.

1986 साली न्यूयॉर्क राज्यातील वेस्ली पर्किन्स आणि अ‍ॅलन बर्कोविट्झ यांनी एका वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधले. मद्यपानाबाबत आपले सोबती आपल्यापेक्षा बरेच सैल आहेत, असे बहुतेक विद्यार्थी समजत होते. ‘सगळेच पितात’ हा समज वास्तवापेक्षा मोठा होता. तो दुरुस्त केला, तर त्याच्या दडपणाने होणारे पिणेही घटेल, असा तर्क पुढे आला. ‘बहुसंख्य विद्यार्थी बेतानेच पितात’ असे आकडेवारीनिशी सांगणारी भित्तिपत्रके त्यातूनच जन्मली.

सिएटलमध्ये अ‍ॅलन मार्लाट यांच्या गटाने व्यक्तीला हाताशी धरले. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत जास्त धोका असलेले 348 नवागत विद्यार्थी होते. उपदेश नाही, आरोप नाही. विद्यार्थ्याने स्वतः दिलेल्या माहितीचा आरसा त्याच्यासमोर धरायचा आणि निर्णय त्याच्यावर सोपवायचा. दोन वर्षांनंतरही या गटात मद्यपानाचे दुष्परिणाम तुलनेने कमी आढळले. तेथे मद्यासाठी किमान वय 21 असताना नवागतांशी ‘कमी प्या’ अशी भाषा बोलणे अनेकांना रुचणारे नव्हते.

खरी कसोटी लागली ती भित्तिपत्रकांची. विल्यम डीजाँग आणि सहकाऱ्यांनी 18 शिक्षणसंस्थांत यादृच्छिक चाचणी घेतली. 2006 च्या निष्कर्षानुसार, मोहीम राबवलेल्या संस्थांत पिण्याचे प्रमाण इतरांच्या तुलनेत कमी राहिले. मग तीच चाचणी आणखी 14 संस्थांत झाली आणि 2009 मध्ये त्यांनी परिणाम शून्य असल्याचे जाहीर केले. अपयशी पुनरावृत्ती शीर्षकातच मान्य करणारे शोधनिबंध विज्ञानात विरळा. या क्षेत्राला त्याचा लाभ झाला. 2011 मध्ये रिचर्ड स्क्रिबनर आणि सहकाऱ्यांनी दोन्ही चाचण्यांची माहिती एकत्र करून संस्थांभोवतालची मद्यविक्रीची ठिकाणे मोजली. ती विरळ होती तेथे मोहीम परिणामकारक ठरली होती; दाट होती तेथे नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर बार असताना ‘बहुसंख्य बेतानेच पितात’ हे वाक्य विद्यार्थ्याच्या डोळ्यांना पटणार तरी कसे?

भारतात चित्र निराळे आहे. 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 10 ते 75 वयोगटातील 14.6 टक्के लोक मद्यपान करणारे आढळले; पुरुषांत 27.3, स्त्रियांत 1.6 टक्के. येथे ‘बहुसंख्य’ पितच नाहीत, म्हणजे अमेरिकी वाक्य जसेच्या तसे लावले तर तेच चुकीचे ठरते. समुपदेशनातही फरक दिसतो. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांवर (विद्यार्थ्यांवर नव्हे) झालेल्या, 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या चाचणीत प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांमुळे तीन महिन्यांनी मद्यापासून पूर्ण दूर असलेल्यांचे प्रमाण 18 वरून 42 टक्क्यांवर गेले, पण जे पीत राहिले, त्यांच्या पिण्याच्या मात्रेत फरक पडला नाही. सिएटलचा भर मात्र मात्रेवर होता.

त्यातच कायदा राज्यागणिक बदलतो. गोव्यात किमान वय 18. महाराष्ट्रात बिअरसाठी 21, कडक मद्यासाठी 25. गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदी. आरसा दाखवायचा तर आधी विद्यार्थ्याने खरे सांगायला हवे. पुण्यातला 20 वर्षांचा विद्यार्थी महाविद्यालयाने दिलेल्या प्रश्नावलीत काय लिहील, हे ती नावानिशी आहे की निनावी, आणि उत्तरपत्रिका शेवटी कोणाच्या टेबलावर जाते, यावर ठरेल.